फोन काढून घेऊ नका, तो तिचा करून द्या

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानाची समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या खोलीत मी बावीस महिलांना स्मार्टफोन वापरायला शिकवले. जीमेलचे खाते मात्र घरूनच काढून आणायला सांगितले होते, कारण खोलीत नेट नीट चालत नाही. त्यांतली एक जण मसाला आणि शेवया करून विकते. ती बहिणीला काय लिहिते, वाटेत कुठे थांबते, कुणाचे फोन येतात हे सगळे तिच्या नवऱ्याला कळते. संदेश पुसून टाकले तरी कळते. एका किराणा दुकानदाराचा ‘वहिनी, मसाला संपला, अजून दोन किलो पाठवा’ असा आवाजी निरोप आला, त्या रात्री त्याने तिला मारले. ही गोष्ट गावात पसरल्यावर तीन सासवांनी सुनांचे फोन काढून घेतले आणि ‘तू मोबाईल शिकवलास म्हणून घरे मोडायला लागली’ असे मला तोंडावर ऐकवले. माझ्या भाच्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. तो म्हणतो, दहा मिनिटांत फोन फॉरमॅट करून देतो. देऊ का? आणि हा वर्ग चालू ठेवू की बंद करू? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी भाच्याला थांबवा, आणि शक्य असेल तर हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वीच थांबवा. त्याचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण ज्या फोनवर कुणाची तरी नजर आहे तो फोन एकाएकी कोरा झाला की ते सर्वांत आधी नजर ठेवणाऱ्यालाच कळते. काल रात्रीपर्यंत त्याच्या पडद्यावर दिसणारे संदेश आज सकाळी दिसेनासे होतात, आणि बायकोला सुगावा लागला, कुणीतरी तिला शिकवले, हे तो लगेच ओळखतो. ज्या माणसाने एका दुकानदाराच्या निरोपावरून हात उगारला तो या वेळी तेवढ्यावर थांबेल असे धरून चालणे धोक्याचे आहे, कारण बाई आपल्या मुठीतून सुटते आहे असे ज्या क्षणी वाटते त्याच क्षणी मारहाण वाढते, हा आमच्या कामातला सर्वांत कडू अनुभव आहे. फॉरमॅट केल्याने पुरावाही जातो. आणि एवढे करून नजर हटेल याचीही खात्री नाही, कारण ती बहुधा फोनमध्ये नसून खात्यात असते.

हे जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक शिक्षिका येत असत. आत येण्यापूर्वी त्या आपला फोन रुमालात गुंडाळून बाहेरच्या बाकाखाली, चपलांच्या शेजारी ठेवायच्या. नवऱ्याला आपले बोलणे ऐकू जाते अशी त्यांची खात्री झाली होती. माहेरी मुलांचा फोटो काढला की तो तासाभरात नवऱ्याकडे घरी दिसायचा, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरत नाहीत तोवर ‘डॉक्टर काय म्हणाले’ असा त्याचा निरोप यायचा. आम्हीही आधी फोनमध्ये एखादे चोर ॲप आहे का तेच शोधत बसलो. ॲप नव्हतेच. फोन नवा घेतला त्या दिवशी नवऱ्याने दुकानातच गुगल खाते उघडून दिले होते, पासवर्ड म्हणून लग्नाची तारीख ठेवली होती, आणि तेच खाते त्याच्या जुन्या हँडसेटवर चालू होते. त्यामुळे फोटो, पत्ते, संपर्क आणि फोन कुठे आहे हे सगळे त्याला घरबसल्या दिसत होते. ‘लग्नाची तारीख आहे, बदलली तर त्यांना वाईट वाटेल म्हणून मी कधी बदलली नाही,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तुमच्या गटातल्या बाईच्या बाबतीतही असेच काहीतरी साधे असण्याची शक्यता जास्त आहे. व्हॉट्सॲप एका फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येते, आणि त्यासाठी बाईचा उघडा फोन अर्धा मिनिट हातात असला तरी पुरते. ती स्वयंपाक करत असताना किंवा रात्री झोपल्यावर हे सहज होते. एकदा जोडले की तिचा फोन बंद असला तरी दुसऱ्या ठिकाणी संदेश येत राहतात. ती संदेश पुसते खरी, पण पुसण्याआधीच तो तिकडे पोचून वाचलाही गेलेला असतो. गुगल मॅप्समध्ये ठावठिकाणा कुणाला तरी कायमचा दाखवत ठेवण्याची सोय आहे, ती तिच्या नकळत सुरू करून ठेवलेली असू शकते. स्कूटीच्या सीटखाली स्वस्तातले जीपीएस यंत्र लपवल्याचेही मी पाहिले आहे. चोर ॲपही असतात, नाही असे नाही. ती प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेली असतात आणि एखाद्या साध्या, ओळखू न येणाऱ्या नावाखाली लपतात. मात्र त्यांच्यामागे लागण्यापूर्वी खाते कुणी उघडले, पासवर्ड कुणाला ठाऊक आहे आणि सिम कुणाच्या नावावर आहे हे तीन प्रश्न विचारावेत. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच क्रमांकाचे दुसरे सिम तो केव्हाही काढू शकतो. मग तिचा फोन मुका होतो आणि बँकेचे, आधारचे, सगळे ओटीपी त्याच्या हातात पडतात.

इथे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडखळले, आणि ते तुम्हाला न सांगणे बरोबर होणार नाही. जीमेलचे खाते घरूनच काढून आणायला तुम्ही सांगितले होते. खोलीत नेट नव्हते, वेळ कमी होता, बावीस जणी होत्या, ही अडचण मला समजते. पण घरून खाते काढून आणा म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याकडून किंवा दिराकडून काढून आणा. खाते ज्याने उघडले त्याचाच क्रमांक रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवण्यासाठी, दिला गेला, पासवर्डही त्यानेच ठरवला, आणि पुढचे सहा आठवडे तुम्ही मन लावून शिकवलेले सगळे त्या खात्यावर उभे राहिले. दोष मारणाऱ्याचा आहे, तुमचा नाही, हे मी स्पष्ट लिहिते. तरीही पुढच्या वर्गात बदलण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आता त्या बाईविषयी. तिला काय हवे आहे हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही, आणि पुढचे प्रत्येक पाऊल तिच्या इच्छेवर अवलंबून आहे. तिला नवऱ्याचे घर सोडायचे नसेल, फक्त मार थांबायला हवा असेल, तर तेही ऐकून घ्यावे लागेल. तिच्याशी या विषयावर तिच्या फोनवरून एक शब्दही बोलू नका, निरोप ठेवू नका, आणि हे समोरासमोर बोलताना तिचा फोन त्या खोलीत नसू द्या. तिने तिच्या फोनवर नेहमीसारखे व्यवहार चालू ठेवावेत. मुलांच्या शाळेचा गट, आईला फोन, मसाल्याची कामे हे सगळे पूर्वीसारखेच दिसू द्यावे. नाजूक बोलणे मात्र तुमच्या फोनवरून किंवा विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून करावे. एखादी खूण ठरवून ठेवा. ‘शेवयांची चाळणी परत पाठव’ असा निरोप आला की शेजारणीने ताबडतोब काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात जायचे, एवढे ठरले तरी संकटाच्या रात्री उपयोगी पडते. दुकानदारांच्या मागण्या काही दिवस गटाच्या क्रमांकावर घ्या, म्हणजे धंदा बंद पडणार नाही. त्या दुकानदाराने काहीही वावगे केलेले नाही आणि तिनेही नाही. ही सोय फक्त ती सुरक्षित होईपर्यंतची आहे, एवढे तिला नीट समजावून सांगा.

पुरावा गोळा करताना घाई नको. तिच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ (जोडलेली उपकरणे) उघडल्यावर जे दिसते त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा, तिच्याच फोनवर स्क्रीनशॉट घेऊ नका, कारण तो फोटो त्याच खात्यातून त्याच्याकडे पोचू शकतो. तिथे अनोळखी उपकरण दिसले तरी ते काढून टाकण्याचे बटण त्या दिवशी दाबू नये. मारहाण कोणत्या दिवशी झाली, काय निमित्त झाले, कुणी पाहिले हे एका वहीत लिहावे आणि ती वही तुमच्याकडे असावी. दवाखान्यात गेली तर ‘पाय घसरून पडले’ असे न सांगता खरे कारण सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. न्यायालयात फोनमधला पुरावा सादर करण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन जपून ठेवणे आवश्यक असते. भाच्याला थांबवा असे मी म्हटले त्यामागे हेही कारण आहे.

‘नवराच तर आहे, त्याने बायकोचा फोन पाहिला तर काय बिघडले’ असे तुम्हाला गावात नक्की ऐकवले जाईल, कदाचित पोलीस ठाण्यातही. यावर कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्या कलमात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी पूर्वी जे कलम ४९८-अ होते ते आता कलम ८५ आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क मध्ये येते. माझा अनुभव मात्र असा की तुमच्यासारख्या प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरतो तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा. हिंसा म्हणजे केवळ मार नव्हे, तर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच आहे, असे त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिले आहे. तिच्या कमाईचा फोन हिसकावून घेणे किंवा तिच्या खात्यातले पैसे परस्पर वळवणे हे आर्थिक छळाखाली मांडता येते. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी जो संरक्षण आदेश देतात त्यात फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधण्यालाही मनाई करता येते. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निकड असेल तर समोरच्याची वाट न पाहता अंतरिम आदेशही मागता येतो. आणि हे सगळे करताना तिला ते घर सोडण्याची सक्ती नाही, कारण त्या घरात राहण्याचा हक्क याच कायद्याने तिला दिला आहे.

अर्ज कुठे करायचा, तर याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे. ते तिचे म्हणणे लिहून घेऊन अहवाल तयार करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्षही आहे, तो पोलिसांच्या आवारात असतो. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या या कामाचे पुढे राज्यभर कक्ष झाले, आणि तिथल्या समाजकार्यकर्त्या गुन्हा नोंदवण्याची घाई न करता आधी बाईचे ऐकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि विधी सेवा प्राधिकरणाची १५१००. महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते. हे क्रमांक तिच्या फोनमध्ये नोंदवू नका आणि तिच्या फोनवरून लावू नका. तुमच्या फोनवरून लावा. जिवावर बेतले असेल तर मात्र जो फोन हाताशी येईल त्यावरून ११२ लावावा. त्या वेळी लपवाछपवीचा विचार नको.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. हे प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे नेण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तुमच्याच जिल्ह्यातल्या आर. आर. पाटील यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात, २००७ मध्ये, ही मोहीम सुरू झाली आणि बांधावरची, वाटणीची कितीतरी भांडणे तिने गावातच मिटवली, याबद्दल मला आदर आहे. परंतु तंटा मिटवताना दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडायचे असते. मार खाणाऱ्या बाईने नेमके काय सोडायचे? चावडीवर तडजोड होते, नवरा हो म्हणतो, आणि त्या रात्री घराचे दार लागल्यावर त्या तडजोडीची किंमत तिच्याकडून वसूल केली जाते. तुम्ही स्वतःही त्याला जाब विचारायला जाऊ नका. तुमचाही जीव मोलाचा आहे.

तिने नजर हटवायचे ठरवले आणि त्या दिवशी ती सुरक्षित जागी असेल, किंवा आदेश हातात असेल, तर कामाचा क्रम सांभाळावा लागतो. आधी तिच्या स्वतःच्या आधारवर, तिच्या अंगठ्यावर, नवे सिम घ्यावे. मग आधार केंद्रात जाऊन तो क्रमांक आधारला जोडावा, मग बँकेच्या शाखेत जाऊन खात्याचा क्रमांक बदलावा. बदल झाल्याचा संदेश बँकेकडून जुन्या क्रमांकावरही जाऊ शकतो, म्हणून आधार आणि बँकेची ही दोन कामे एकाच दिवशी आणि ती घरी परतायच्या आधी उरकतील असे पाहावे. त्यानंतर नवे गुगल खाते तिने स्वतः उघडावे, फोन नवा घेतला तर त्यावर जुने खाते टाकू नये आणि जुन्याचा बॅकअपही घेऊ नये, कारण त्यातून जुनी भुते परत येतात. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावावा. पिनमध्ये लग्नाची किंवा मुलांच्या जन्माची तारीख अथवा गाडीच्या क्रमांकाचे आकडे नकोत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि याचे उत्तर देताना मला थोडा राग येतो आहे, तो तुमच्यावर नाही. वर्ग बंद करू नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जेमतेम ५४ टक्के महिलांनी आपल्याजवळ स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचे सांगितले, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के तर पुरुष ५७ टक्के निघाले. याच सर्वेक्षणात लग्न झालेल्या २९ टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आकड्यांचे हे दोन ढीग मी शेजारी शेजारी ठेवते, कारण घरात मार खाणाऱ्या बायका मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर केला, तो याच कारणाने की नवरा चोवीस तास घरात असताना बाईला तोंडाने बोलता येत नव्हते, पण दोन ओळी टंकता येत होत्या. त्या वेळी ज्यांच्या हातात फोन नव्हता त्यांच्यासाठी तो क्रमांक असून नसल्यासारखा होता.

सरकारी योजनांनीही या बाबतीत घर आणि बाई यांतला फरक पुरता ओळखलेला नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये आले तेव्हा प्रत्येक कुटुंबातल्या एका व्यक्तीला शिकवायचे असे त्याचे उद्दिष्ट होते. ती एक व्यक्ती घरातला तरुण मुलगा ठरली तर सुनेपर्यंत काय पोचले? लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बाईच्या खात्यात येतात हे फार चांगले झाले, मात्र २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करताना तिच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. ज्या घरात बोलणे बंद आहे, जिथे नवरा वेगळा राहतो, तिथे तो ओटीपी मागायला बाईने कुणाच्या पायाशी जायचे, हा प्रश्न तुमच्या भागातल्या ग्रामसंघांच्या मिळून असलेल्या प्रभागसंघाच्या बैठकीत ठराव करून वर पाठवण्यासारखा आहे.

सासवांना काय सांगाल? तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवण्याची रीत पाडली. ती मला आवडली, कारण भोंगा सगळ्या गावासाठी वाजतो, पोरांसाठी, बाप्यांसाठी, बायकांसाठी. तुमच्या गावात मात्र फोन फक्त सुनांचे गेले आहेत. केरळात कोझिकोडच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोनबंदी होती, ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढले गेले, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून तिला परत घ्यायला लावले. सासूबाईंना हा निकाल वाचून दाखवून काही होणार नाही, हे मी जाणते. त्यांना वर्गात बोलवा. मुंबईला किंवा पुण्याला दिलेल्या लेकीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे त्यांच्याच बोटांनी करायला शिकवा. लेक कशी आहे, सुकली आहे का, डोळे सुजले आहेत का, हे ज्या आईला पडद्यावर दिसते तिला फोनचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, आणि त्यानंतर सुनेचा फोन कपाटात कोंडून ठेवणे तिचे तिलाच जड जाते. सगळ्या सासवा बदलतील असे नाही. तिघींतली एक बदलली तरी एक फोन परत येईल.

नव्या वर्गाची सुरुवात यूपीआयने करू नका, खात्याने करा. खोलीत नेट नसेल तर तुमच्या फोनचे हॉटस्पॉट लावून एका दिवशी चार-पाच जणीच घ्या, पण प्रत्येकीचे खाते तिच्या हाताने, तिच्या क्रमांकावर, तुमच्या डोळ्यांदेखत उघडले जाऊ द्या. पासवर्ड ती टाकत असताना तुम्हीही मान वळवा. ताईसुद्धा पासवर्ड बघत नाही, हे बायका त्या एका कृतीतून शिकतात, आणि तासभर व्याख्यान देऊनही ते शिकवता येत नाही. सिम कुणाच्या नावावर आहे हे प्रत्येकीला विचारा. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक आहेत ते पाहता येते. लिंक्ड डिव्हाइसेस आणि लोकेशन शेअरिंग पाहण्याचा सराव सगळ्यांकडून एकत्र करून घ्या, म्हणजे एकीवर बोट येणार नाही. पण आधीच सांगून ठेवा की आज फक्त पाहायचे आहे, काही दाबायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, आणि कुणाला काही खटकले तर तिने नंतर एकटीने भेटायचे. नवरे हजर असलेल्या कार्यक्रमात हा भाग घेऊ नये. गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘आज आपण पाळत कशी ओळखायची ते शिकलो’ असे लिहू नये. उपस्थितीचे जिओ टॅग केलेले फोटो वरच्या कार्यालयाला पाठवावे लागतात हे मला माहीत आहे, ते तिकडेच पाठवा, स्टेटसला आणि गटावर टाकू नका. त्या फोटोत कोण, कुठे आणि किती वाजता होती हे सगळे असते.

येत्या बैठकीला ती आली तर फक्त तिचाच फोन बाजूला ठेवायला सांगू नका. सगळ्यांचे फोन एका टोपलीत घेऊन टोपली बाहेरच्या ओट्यावर ठेवा, आज हिशेबाच्या वेळी लक्ष विचलित नको एवढेच कारण द्या. बैठक संपल्यावर वही लिहायच्या निमित्ताने तिला मागे थांबवा आणि तुला काय हवे आहे असे विचारून गप्प बसा, कितीही वेळ लागला तरी. हे उत्तर तिला द्यावेसे वाटले तर फोनवर पाठवू नका. कागदावर उतरवून तुमच्यासमोर वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर कागद तुमच्याकडेच ठेवून घ्या.